कर्ज पोराचं, सातबारा बापाचा

नाशिक जिल्ह्यातल्या वणीचा द्राक्षबागायतदार मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं म्हणतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न व्याजदराचा नसतो. तो विचारतो, "पोराला नोकरी नाही लागली अन् हप्ते थकले, तर सातबाऱ्यावर बोजा चढतो का?"

वणीच्या दिंडोरी तालुक्यात हा प्रश्न हवेतून आलेला नाही. इथल्या बहुतेक सातबाऱ्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात विकास सोसायटीच्या पीककर्जाची नोंद आधीच असते. नाशिक जिल्हा मध्यवर्ती बँक अडचणीत आल्यावर जिल्ह्याने सक्तीची वसुली पाहिली आणि तिच्याविरुद्धची शेतकरी आंदोलनंही पाहिली. ज्या घराने हे पाहिलं आहे, त्या घराला 'कर्ज' म्हटलं की आधी जमीन आठवते, पदवी नंतर.

थोडक्यात उत्तर असं: राष्ट्रीयीकृत बँकेचं विनातारण शैक्षणिक कर्ज थकलं म्हणून कुणाच्याही सातबाऱ्यावर आपोआप बोजा चढत नाही. पण हे उत्तर इथेच सोडलं तर ते अर्धवट राहील. बाप त्या कर्जातून मोकळा असतो असा त्याचा अर्थ नाही. आणि कर्ज बँकेऐवजी पतसंस्थेचं असेल, तर सगळा हिशेबच बदलतो.

१. सही कोणाची, जबाबदारी कोणाची

आज बँका देतात ते शैक्षणिक कर्ज मुख्यतः एका आदर्श योजनेवर बेतलेलं आहे. ती भारतीय बँक संघाने तयार केली आणि रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये सर्व बँकांकडे पाठवली. तिच्या मूळ चौकटीत तीन पायऱ्या होत्या. चार लाखांपर्यंत तारण नाही. चार ते साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या माणसाचा जामीन. त्यापुढे मात्र मालमत्तेचं तारण. २०१५ मध्ये केंद्राने कर्जहमी निधी आणला, आणि त्या योजनेत बसणाऱ्या साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण आणि जामीनदार दोन्ही लागेनासे झाले.

तरी बँक आई किंवा वडिलांची सही घेतेच. ती सही जामीनदार म्हणून नसते, सहकर्जदार म्हणून असते. जामीनदार म्हणजे मूळ कर्जदार चुकला तर पुढे येणारा माणूस. सहकर्जदार हा पहिल्या दिवसापासून मुलाइतकाच कर्जदार असतो. हप्ता चुकला की तो मुलाच्या पतअहवालात दिसतो आणि बापाच्याही. पीककर्जासाठी सिबिलची, म्हणजे या पतअहवालाची, सक्ती करू नका, असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलं आहे. पण ट्रॅक्टर, शेडनेट, शीतगृह किंवा घर यांसाठी कर्ज मागायला गेलं की हाच अहवाल टेबलावर येतो.

आता तारणाकडे पाहू. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला मोठा अधिकार दिला. कर्ज बुडालं तर कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता येते. मात्र याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. हे शेतकऱ्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण त्याची दुसरी बाजू वणीत रोज दिसते. जी जमीन सहज विकता येत नाही, ती शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घ्यायला बँका तयार नसतात. त्यांना बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी हवी असते. पाच एकर द्राक्षबाग असलेला माणूस बँकेच्या या खिडकीवर विनातारण ठरतो आणि नाशकात वन बीएचके असलेला नोकरदार पुढे जातो. मुलाला परदेशी पाठवायचं, म्हणजे पंचवीस-तीस लाख उभे करायचे, तेव्हा बागायतदाराची खरी अडवणूक इथे होते.

आणि पतसंस्था? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधलं कलम १०१ गावोगावी माहीत आहे. थकबाकी झाली की सहकारी संस्था निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवते. त्या 'एकशे एकच्या दाखल्या'वर वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दिवाणी दाव्याची लांब वाट तिला चालावी लागत नाही. शिवाय केंद्राची व्याजसवलत पतसंस्थेच्या कर्जाला मिळत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेने दोन-तीन चकरा मारायला लावल्या म्हणून कंटाळून पतसंस्थेकडे वळणाऱ्या घराने हा फरक सहीआधी समजून घ्यावा. या प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही.

२. शिकताना हप्ता नसतो, व्याज असतं

शैक्षणिक कर्जाला एक खास मुदत मिळते. अभ्यासक्रमाची वर्षं आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. बँकेच्या भाषेत हा 'मोरॅटोरियम' म्हणजे हप्तेस्थगितीचा काळ. नवीन बाग लावली की पहिलं वर्ष-दीड वर्ष द्राक्ष हाती येत नाही, पण अँगल, तारा, ठिबक आणि मजुरीचा खर्च वहीत चढत असतोच. हप्तेस्थगितीतलं व्याज तसंच चढत असतं.

एक हिशेब मांडून पाहू. वणीची एक मुलगी नाशकात अभियांत्रिकीला गेली. चार वर्षांत तिने दरवर्षी दीड लाख, असे सहा लाख उचलले. दर समजा दहा टक्के. स्थगितीच्या काळात व्याज सरळव्याजाने मोजतात. पहिल्या वर्षीच्या दीड लाखाला पाच वर्षांचं व्याज लागतं, म्हणजे ७५,००० रुपये. दुसऱ्याला चार वर्षांचं ६०,०००, तिसऱ्याला ४५,००० आणि चौथ्याला ३०,०००. बेरीज २,१०,०००. उचल सहा लाखांची झाली, पण हप्ते सुरू होतात त्या दिवशी देणं ८ लाख १० हजारांचं असतं.

ते दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण १०,७०० रुपये येतो. आदर्श योजनेत पंधरा वर्षांपर्यंतची मुदत आहे. ती घेतली तर हप्ता ८,७०० पर्यंत उतरतो, पण एकूण फेड १२ लाख ८४ हजारांवरून १५ लाख ६७ हजारांवर जाते.

आता यातलं एकच कलम बदलू. घरच्यांनी शिकण्याच्या काळातच व्याज भरत नेलं तर? पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५० आणि नंतर ५,०००. मग पदवीनंतर देणं सहा लाखांचंच राहतं आणि दहा वर्षांचा हप्ता ७,९०० च्या आसपास बसतो. अशा घरांना बऱ्याच बँका व्याजदरात एक टक्का सूटही देतात. मुलींना अर्धा टक्का सवलत देणाऱ्या बँकाही अनेक आहेत, पण ती अर्ज करतानाच विचारून घ्यावी लागते.

अडचण अशी की दरमहा भरायला दरमहा मिळकत हवी. द्राक्षाचे पैसे जानेवारी ते एप्रिलमध्ये येतात आणि प्रवेशाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये असतात, जेव्हा हातात रोकड सगळ्यात कमी असते. पुढे ऑक्टोबर छाटणीचा खर्च उभा राहतो. बँकेचं सॉफ्टवेअर मात्र महिन्याची एकच तारीख ओळखतं. पण द्राक्षाचे पैसे असोत की टोमॅटोचे, हंगामात आलेली मोठी रक्कम व्याजापोटी आगाऊ भरता येते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी फेड केल्याबद्दल बँकेला दंड आकारता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी 'मध्येच पैसे भरले तर दंड पडतो' असं समजून कित्येक घरं ती रक्कम बचत खात्यातच ठेवतात.

आयकर कायद्यात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, तीही जुन्या करपद्धतीत. शेतीच्या उत्पन्नाला आयकरच नाही, म्हणून ही सवलत शेतकरी बापाच्या कामाची नाही. मुलगी नोकरीला लागून कर भरू लागली तर तिच्या उपयोगाची आहे.

३. सवलत, हमी, माफी

हे तीन शब्द लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात. ते वेगळे केल्याशिवाय सरकारी धोरण कळणार नाही.

सवलत म्हणजे सरकार व्याज भरतं, मुद्दल नाही. २००९-१० पासून केंद्राची व्याजसवलत योजना आहे. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मुलगा देशातच व्यावसायिक किंवा तांत्रिक शिक्षण घेत असेल, तर स्थगितीच्या काळातलं सगळं व्याज केंद्र भरतं. आपल्या हिशेबातले २ लाख १० हजार त्यातून सुटतील. अट अशी की संस्था नॅक किंवा एनबीए मूल्यांकित हवी. प्रवेश घेण्याआधी कॉलेजचं मूल्यांकन पाहायचं ते नुसतं दर्जासाठी नाही, दोन लाखांसाठीही.

हमी म्हणजे सरकार बँकेला सांगतं, हे कर्ज बुडालं तर थकलेल्या रकमेच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत नुकसान आम्ही सोसू. ती बँकेच्या भल्यासाठी असते. हमी निधीने बँकेला पैसे दिले तरी मुलाचं देणं संपत नाही आणि बँकेचा वसुलीचा हक्कही. 'सरकार भरतंय तर आपण कशाला?' या समजुतीने थांबलेले हप्ते पुढे मुलाच्याच पतअहवालात दिसतात.

माफी म्हणजे देणंच पुसून टाकणं. महाराष्ट्राने २०१७ आणि २०१९ मध्ये शेतकरी कर्जमाफीच्या दोन मोठ्या योजना पाहिल्या. त्यामुळे 'शैक्षणिक कर्जही कधीतरी माफ होईल' ही आशा गावात जिवंत आहे. केंद्राने अशी माफी दिलेली नाही. तिची वाट पाहत हप्ता थांबवणारा पदवीधर आपल्या पहिल्या गृहकर्जाची वाट स्वतःच बंद करतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ८६० नामांकित संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामिनाशिवाय कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के हमी, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगितीच्या काळात तीन टक्के व्याजसवलत. २०३०-३१ पर्यंत तिच्यासाठी ३,६०० कोटींची तरतूद आहे. योजना चांगली आहे, पण तिचा रोख चुकला आहे. या संस्था राष्ट्रीय क्रमवारीतून निवडल्या आहेत. तिथून बाहेर पडलेल्यांना नोकरी लवकर लागते आणि त्यांची कर्जं कमी थकतात. क्रमवारीत नाव नसलेल्या साध्या खासगी महाविद्यालयात शिकणारा मुलगा जास्त धोक्यात असतो, आणि या नव्या योजनेत त्याला जागा नाही.

राज्य सरकारचा मार्ग वेगळा आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शुल्क माफ झालं. वणीच्या पलीकडे सुरगाणा, कळवण आणि पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्जावरील व्याज परताव्याची योजनाही आहे. कर्ज काढायलाच न लावणं हा सगळ्यात चांगला उपाय, आणि त्या दिशेने राज्याने टाकलेलं पाऊल मोठं आहे. पण शुल्क माफ झालं तरी नाशिक-पुण्यातली खोली, मेस आणि प्रवास राहतोच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी लागू नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येणारी रक्कम उशिरा आली की मधली पोकळी घरच्यांना उसनवारीने भरावी लागते.

४. बडोद्याचा करार

शिक्षणाचं देणं फिटतं कशावर? महाराष्ट्राला ठाऊक असलेलं एक जुनं उदाहरण याचं उत्तर देतं.

४ जून १९१३ रोजी बडोद्यात भीमराव आंबेडकरांनी एका करारावर सही केली. महाराजा सयाजीराव गायकवाड त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवत होते. तीन वर्षं महिन्याला साडेअकरा पौंड मिळणार होते. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. हे काटेकोर अर्थाने कर्ज नव्हतं, पण देणं होतंच, पैशांऐवजी सेवेने फेडायचं. कल्पना पुरोगामी होती. फेड नोकरीशी बांधलेली होती आणि नोकरी द्यायची जबाबदारी पैसे देणाऱ्याचीच होती.

१९१७ मध्ये ते परतले आणि करारानुसार बडोद्यात रुजू झाले. शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात ते राहिले. जात कळल्यावर लोकांनी लाठ्या घेऊन येऊन त्यांना बाहेर काढलं. कचेरीतही विटाळ पाळला जात होता. अकराव्या दिवशी त्यांनी बडोदा सोडलं आणि मुंबई गाठली. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

करार मोडला, पण फेडणाऱ्याची नियत वाईट होती म्हणून नाही. पदवी घेऊन आलेल्या माणसाला समाजाने काम करू दिलं नाही. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये यांच्या बळावर. शिक्षणाचं देणं पदवीनंतरच्या वर्षांवर उभं असतं आणि ती वर्षं एकट्या विद्यार्थ्याच्या हातात नसतात, हे बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी दाखवलं.

सेवेने फेडण्याची पद्धत आजही आहे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यावी लागते. वणीसारख्या गावांतल्या ग्रामीण रुग्णालयांना त्यातून डॉक्टर मिळतात. पैशांनी फेडायचं कर्ज सरकारने स्वतःही देऊन पाहिलं: १९६३ मध्ये केंद्राने बिनव्याजी राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती सुरू केली होती. तिची वसुली इतकी कमी झाली की नव्वदच्या दशकाच्या आरंभी ती गुंडाळावी लागली. त्यानंतर सरकार स्वतः सावकारीतून बाजूला झालं आणि ते काम बँकांकडे गेलं.

५. नव्वद दिवस

हप्ता चुकला की पहिल्या दिवशी कोणी दारात येत नाही. बँकेच्या पुस्तकात मात्र खातं पायरी-पायरीने खाली उतरतं. तीस दिवसांपर्यंत एक शेरा, साठपर्यंत दुसरा, नव्वदपर्यंत तिसरा. नव्वद दिवस उलटले की खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए होतं. जानेवारी २०२५ पासून बँका पतमाहिती कंपन्यांना दर पंधरवड्याला माहिती देतात, त्यामुळे डाग लवकर उमटतो.

त्यापुढे नोटीस, फोन आणि वसुली प्रतिनिधी. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवीगाळ आणि नातेवाइकांसमोर बदनामीलाही मनाई आहे. मालमत्ता गहाण नसेल तर बँकेकडे दोन वाटा उरतात. एक लोकअदालत. तिथे तडजोड झाली की तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं. दुसरी दिवाणी दावा. दाव्यात हुकूमनामा झाला तर मात्र सहकर्जदाराच्या मालमत्तेवर जप्ती मागता येते. तेव्हाही दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० शेतकऱ्याचं राहतं घर, औजारं आणि बैल यांना संरक्षण देतं. सातबाऱ्याचा धाक खरा ठरायचाच असेल तर तो या लांबच्या वळणावर. त्याआधी बोलणी करायला वेळ असतो.

तो वेळ वापरायचा कसा? आदर्श योजनेच्या २०१५ च्या सुधारित रूपात अशी तरतूद आहे की बेरोजगारी किंवा अपुऱ्या नोकरीच्या काळात कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा हप्त्यांना स्थगिती देता येईल. सुरुवातीला लहान आणि पगारासोबत वाढत जाणारा हप्ता ठरवण्याची मुभाही बँकांना आहे. अर्ज लेखी हवा आणि नव्वद दिवसांच्या आत हवा, कारण एनपीए झाल्यावर शाखेचे हात बरेच बांधले जातात. नोकरी नसल्याचं पत्र, असलेल्या नोकरीची पगारपावती आणि अर्जाची पोच, एवढे तीन कागद पुरतात. शाखेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठीचा मदत क्रमांक १४४४८.

आणखी एक गोष्ट अवघड आहे, पण ती सहीच्या दिवशीच बोलून घ्यावी. कर्जदार मुलगा किंवा मुलगी दगावली तर देणं सहकर्जदाराकडे येतं. कर्जाच्या रकमेइतका मुदत विमा काढला असेल तर ते भरून निघतं. तरुण वयात त्याचा हप्ता फार नसतो.

६. थकतं कोणाचं

डिसेंबर २०२० अखेर देशातल्या शैक्षणिक कर्जांपैकी ९.५५ टक्के रक्कम अनुत्पादित होती, असं सरकारने संसदेत सांगितलं. परिचर्या आणि अभियांत्रिकीच्या कर्जांत थकण्याचं प्रमाण वैद्यकीयपेक्षा बरंच जास्त होतं. पुढे ते घसरत गेलं. सरकारी बँकांचा आकडा २०२४-२५ मध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आला. बातमी दिलासा देणारी आहे, पण हा आकडा कसा वाचायचा हे शिकून घ्यायला हवं.

ही टक्केवारी रकमेची असते, माणसांची नाही. एका शाखेत परदेशी शिक्षणाचं चाळीस लाखांचं एक कर्ज आहे आणि चार-चार लाखांची दहा आहेत. मोठं कर्ज व्यवस्थित चाललंय, लहानांपैकी दोन थकली. ऐंशी लाखांपैकी आठ, म्हणजे दहा टक्के थकले. अकरा कुटुंबांपैकी दोन, म्हणजे अठरा टक्के घरं मात्र अडचणीत आहेत. परदेशी शिक्षणाची मोठी कर्जं वाढली की लहान कर्जदाराचं दुखणं टक्केवारीत विरून जातं. शिवाय बँकेने खातं निर्लेखित केलं, म्हणजे आपल्या पुस्तकातून काढून टाकलं, की ते एनपीएच्या यादीतून उतरतं, पण कर्जदाराचं देणं आणि त्याच्या अहवालातला शेरा दोन्ही राहतात.

आपल्या हिशेबातल्या मुलीकडे परत जाऊ. तिला नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या एखाद्या कारखान्यात समजा अठरा हजारांची पहिली नोकरी लागली. १०,७०० चा हप्ता गेला की ७,३०० उरतात. त्यात खोली, जेवण, बस. वर्षभरात तिचा पगार वाढेलही, पण हप्ता आजच पूर्ण मागितला जातो. थकबाकीचं मूळ बहुधा इथे असतं, तिच्या स्वभावात नाही. बँकेच्या रचनेने धरलेला पगार आणि तिच्या हाती आलेला पगार यांत जे अंतर आहे, ते बापाने द्राक्षाच्या पैशातून भरायचं. आणि गारपिटीच्या वर्षी ते भरलं जात नाही.

२०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की केवळ सिबिल गुण कमी आहेत म्हणून विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारू नये. कर्जाचा निर्णय विद्यार्थ्याच्या पुढच्या कमाईकडे पाहून व्हावा, मागच्या हिशेबावरून नाही, ही भूमिका वणीच्या घरांना मोलाची आहे.

७. इतरांनी काय केलं

ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे विद्यार्थ्याचं देणं करव्यवस्थेला जोडलेलं आहे. उत्पन्न ठरावीक रेषेच्या खाली असेपर्यंत एक पैसाही मागत नाहीत. रेषा ओलांडली की मालकच पगारातून कापतो. ती रेषा २०२५-२६ साठी ६७,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. नोकरी गेली की कपात आपोआप थांबते, म्हणून आपल्याकडच्या अर्थाने तिथे कुणी थकबाकीदार होत नाही.

अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोकांवर मिळून १.६ लाख कोटी डॉलरच्या घरात संघ सरकारचं शैक्षणिक कर्ज आहे. मार्च २०२० मध्ये थांबवलेले हप्ते २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाले. मोठी माफी देण्याचा बायडेन सरकारचा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी रद्द केला आणि मे २०२५ पासून थकबाकीदारांकडून सक्तीची वसुलीही पुन्हा सुरू झाली. तिकडे गेलेल्या मराठी मुलांचं कर्ज बहुधा भारतातल्याच बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं असतं, त्यामुळे त्यांना यातून काही मिळत नाही. त्यांचा हिशेब डॉलरवर चालतो. २०११ मध्ये पंचेचाळीसच्या आसपास असलेला डॉलर आज पंच्याऐंशीच्या वर आहे. तिकडे नोकरी लागली तर फेड हलकी होते. न लागता परत यावं लागलं तर महागलेल्या डॉलरने उचललेलं कर्ज रुपयांच्या पगारातून फेडावं लागतं.

ऑस्ट्रेलियाची पद्धत जशीच्या तशी इथे बसणार नाही. शेती, रोजंदारी आणि छोट्या दुकानांचं उत्पन्न आपल्या करव्यवस्थेत दिसतच नाही. पण आपल्याच देशातलं एक राज्य काहीतरी करून दाखवून गेलं आहे. २०१७ मध्ये केरळने शैक्षणिक कर्ज फेडायला मदत करणारी योजना आणली. वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असलेल्या घरांसाठी. आधीच बुडीत झालेल्या चार लाखांपर्यंतच्या कर्जात कर्जदाराने चाळीस टक्के भरले तर साठ टक्के सरकारने भरायचे. खातं सुरळीत असेल तर पहिल्या वर्षी हप्त्याचे ९० टक्के सरकारचे, दुसऱ्या वर्षी ७५, तिसऱ्या वर्षी ५० आणि चौथ्या वर्षी २५.

महाराष्ट्राची मदत आजवर मुख्यतः प्रवेशाच्या वेळच्या शुल्कावर आणि व्याजावर राहिली आहे. केरळने ती पदवीनंतरच्या चार वर्षांवर नेली, जिथे खाती प्रत्यक्ष थकतात. वणीच्या मुलीला हाच नियम लावला, तर १०,७०० च्या हप्त्यापैकी पहिल्या वर्षी तिच्या वाट्याला येतील १,०७० रुपये, दुसऱ्या वर्षी २,६७५, तिसऱ्या वर्षी ५,३५० आणि चौथ्या वर्षी ८,०२५. पूर्ण हप्ता तिच्या अंगावर पडेल तो पाचव्या वर्षी, तेव्हा तिच्या गाठीशी चार वर्षांचा अनुभव असेल आणि वडिलांच्या छाटणीच्या पैशाला हात लागलेला नसेल.